पाचची दहा करावी, की दुसरी गोळी जोडावी?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझ्या आईचं वय ७१. आठ वर्षांपासून ती बीपीसाठी अमलोडिपिन ५ ची एक गोळी रोज घेते. गेल्या तीन तपासण्यांत वरचं बीपी १५० च्या पुढेच निघालं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी अमलोडिपिन तसंच ठेवून टेल्मिसार्टन ४० ही दुसरी गोळी जोडली. दादाला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, “एकाच्या दोन गोळ्या झाल्या म्हणजे दुखणं वाढलं. पाचची दहा केली असती तर भागलं असतं, नवं औषध पोटात कशाला?” या वादात नवी गोळी आठवडाभर डब्यातच पडून आहे. दादाने आईला घड्याळही आणून दिलंय आणि रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत असा त्याचा आग्रह आहे. तिचे गुडघे दुखतात, मग मेडिकलमधून आणलेली दुखीची गोळी ती घेते. ड जीवनसत्त्वाचं सॅशेही दर रविवारी चालू आहे. डॉक्टरांनी आठ आठवडे लिहून दिलं होतं, पण बरं वाटतं म्हणून तिने दीड वर्ष सोडलेलं नाही. हल्ली पोट साफ होत नाही, जेवणही कमी झालंय. कोणाचं ऐकावं?
ता.क. कमी डोसात भागतं असं डॉक्टरांचं म्हणणं असेल, तर माझी थायरॉईडची ७५ ची गोळी मी निम्मी केली तर चालेल का?

– एक वाचक, कराड

उत्तर

ताई,

तुमचा मुख्य प्रश्न बीपीच्या गोळीचा आहे, पण मला काळजी वाटली ती ओघात आलेल्या सॅशेची. ते आजपासून बंद करा आणि याच आठवड्यात आईंना डॉक्टरांकडे न्या. दीड वर्ष सॅशे चालू होतं हे त्यांना स्पष्ट सांगा. ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, असे आठ आठवडे, हा कमतरता भरून काढण्याचा आपल्याकडचा नेहमीचा कोर्स आहे. तो संपला की डोस खाली आणायचा असतो. आईंनी भरून काढण्याचाच डोस कायमचा केला. ६०,००० ला सातने भागलं तर रोजचे साडेआठ हजार युनिट होतात. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं झालं म्हणून लघवीवाटे निघून जात नाही. ते फार वाढलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग पोट साफ होत नाही, भूक मरते, तहान वाढते, लघवीला वारंवार जावं लागतं, सुस्ती येते आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. आईंच्या तक्रारींचं कारण दुसरंही असू शकेल. पण रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहिल्याशिवाय ते ठरवता येणार नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. उलट्या सुरू झाल्या किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर मात्र आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हाडांसाठी चांगलं आहे, मग जास्त घेतलं तर जास्तच चांगलं, असं आईंना वाटलं असेल. हा समज संशोधकांनी तपासून पाहिलेला आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट ड जीवनसत्त्व दिलं आणि निम्म्यांना नकली औषध, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं. हेतू हाडं मोडू नयेत हाच होता. २०१० साली निकाल आला तेव्हा ड जीवनसत्त्व घेतलेल्या गटात पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी जास्त निघालं. पुढे कॅनडात कॅलगरीला ३११ निरोगी माणसांना तीन वर्षं रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट दिली. २०१९ साली छापलेल्या त्या अभ्यासात मनगटाच्या हाडाची घनता सर्वांत कमी झाली ती दहा हजारवाल्यांची. आईंचे साडेआठ हजार त्या आकड्यापासून फार लांब नाहीत. ज्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व खरोखर कमी आहे त्यांना ते दिल्याने फायदा होतो, यात शंका नाही. पण उणीव भरून निघाल्यावर त्याच औषधाचा पुढचा प्रत्येक डोस तेवढंच भलं करील, असं शरीर चालत नाही.

आता बीपीच्या गोळीकडे येते, कारण तिथेही प्रश्न हाच आहे.

दादांच्या म्हणण्यामागे एक हिशेब आहे: पाचने इतकं उतरलं, तर दहाने दुप्पट उतरेल. किराण्यात हा हिशेब बरोबर ठरतो, औषधात बहुतेक वेळा चुकतो. औषध शरीरात जाऊन पेशींवरच्या ठराविक जागांना चिकटतं आणि या जागा मोजक्या असतात. एसटी रिकामी असताना चढलेल्या प्रत्येकाला बसायला मिळतं. अर्धी भरल्यावर तेवढीच माणसं पुन्हा चढली तरी सगळ्यांना जागा मिळत नाही. आकड्यांत मांडायचं तर असं समजा की एका डोसात निम्म्या जागा भरल्या. अगदी साध्या गणिताने डोस दुप्पट केल्यावर ६७ टक्के भरतात, चौपट केल्यावर ८० आणि नऊपट केल्यावर ९०. पहिल्या डोसाने ५० टक्क्यांचं काम केलं, पुढच्या तेवढ्याच डोसाने १७ टक्क्यांची भर घातली. डोस आणि परिणाम यांचा आलेख काढला तर तो सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि मग सपाट होत जातो.

बीपीच्या औषधांत हा आलेख नेमका कुठे वाकतो, ते लंडनच्या माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड यांनी सहकाऱ्यांसह २००३ साली शोधलं. नकली औषधाशी तुलना केलेल्या ३५४ चाचण्या त्यांनी एकत्र केल्या. पाच गटांतली औषधं होती आणि ती घेतलेली सुमारे ४०,००० माणसं. नेहमीच्या डोसाने वरचं बीपी सरासरी ९.१ ने उतरलं. निम्म्या डोसाने उतरलं ७.१ ने. म्हणजे डोस निम्मा केला तरी गुण फक्त पाचव्या हिश्श्याने कमी झाला. हा आकडा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवायची, कारण ऐकून तो कोणाला खरा वाटत नसे.

त्याच चाचण्यांमधून त्यांनी त्रासाचा हिशेबही काढला. अमलोडिपिन ज्या गटात मोडतं, त्या गटात औषधामुळे त्रास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्या डोसावर १.६ टक्के होतं, नेहमीच्या डोसावर ८.३ टक्के. म्हणजे फायद्याचा आलेख सपाट होत असताना त्रासाचा आलेख चढतच असतो. डोस ठरवणाऱ्या डॉक्टरचं सगळं कसब या दोन रेघांमधलं अंतर ओळखण्यात आहे. अर्थात सगळ्या गटांचं सारखं नसतं. अमलोडिपिनच्या गटात डोस वाढवल्यावर बीपी इतर गटांपेक्षा थोडं जास्त उतरतं, त्यामुळे दादांचा मार्ग अगदीच निष्फळ म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत काय, ते पाहा. या औषधाच्या चाचण्यांत पायावर सूज येण्याचं प्रमाण नकली गोळीवर ०.६ टक्के होतं, ५ मिलिग्रॅमवर ३ टक्के आणि १० मिलिग्रॅमवर १०.८ टक्के. स्त्रियांमध्ये ही सूज पुरुषांपेक्षा बरीच जास्त दिसते. आईंचे गुडघे आधीच दुखतात. घोटे सुजले तर चालणं कमी होईल आणि कदाचित सुजेसाठी तिसरी गोळी येईल.

तुमच्या डॉक्टरांनी निवडलेला मार्गही तपासून पाहिलेला आहे. वॉल्ड यांनीच २००९ साली ४२ चाचण्यांमधल्या सुमारे ११,००० माणसांची माहिती एकत्र करून दाखवलं की, एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातली गोळी जोडली तर बीपीतली जादा उतार जवळजवळ पाचपट मिळते. कारण दुसरं औषध वेगळ्या जागी काम करतं. अमलोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही. टेल्मिसार्टन वाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला त्याच्या जागी चिकटू देत नाही. एकीकडचा आलेख सपाट व्हायला लागला असला तरी दुसरीकडचा नुकताच चढायला लागलेला असतो. शिवाय अमलोडिपिनने पायावर सूज का येते, तर बारीक धमन्या सैल होतात पण शिरांकडची बाजू तशीच आवळलेली राहते, म्हणून पाणी बाहेर झिरपतं. टेल्मिसार्टन ती दुसरी बाजूही सैल करतं. त्यामुळे ही जोडी असली की सूज कमी येते.

श्रीलंकेत ७०० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ साली छापून आली. टेल्मिसार्टन, अमलोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन या तिन्हींचा निम्मा डोस एकाच गोळीत घालून काही जणांना दिला, बाकीच्यांचे उपचार नेहमीसारखे चालू ठेवले. सहा महिन्यांनी एकत्र गोळीवाल्यांपैकी ७० टक्के लोकांचं बीपी ठरवलेल्या मर्यादेत आलं होतं, दुसऱ्या गटात ५५ टक्के लोकांचं. त्याच वर्षी युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी बहुतेक रुग्णांची सुरुवातच दोन औषधांनी करा असं सांगितलं. तेव्हा दादांना इतकं नक्की सांगा की गोळ्यांची संख्या हे दुखण्याचं माप नाही. आणि दोन डब्यांचीच अडचण वाटत असेल, तर ही दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. डॉक्टरांना तसं लिहून द्यायला सांगा.

नवी गोळी कधी सुरू करायची, हे मात्र कॅल्शियम आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे आणि मूत्रपिंडाची स्थिती आधी कळलेली बरी. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासतात, ती तपासणी चुकवू नका. बाजारात कमी सोडियमचं म्हणून मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असताना ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही. पहिल्या दिवसांत अंथरुणातून उठताना चक्कर येते का ते बघा आणि बीपी बसून मोजाल तसं उभं राहूनही मोजा.

आणखी एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: मेडिकलमधून आणलेली दुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन किंवा अॅसिक्लोफिनॅक असलेल्या गोळ्यांनी बीपी वाढतं. टेल्मिसार्टनबरोबर घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका होतो. तीन तपासण्यांत बीपी वर राहण्यामागे हेही एक कारण असू शकतं. ती पट्टी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

गुडघे दुखतात ते दहा हजार पावलांच्या आग्रहापायी, म्हणून त्या आकड्याबद्दलही सांगते. तो वैद्यकातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावात तो होता. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या कमरेला यंत्र बांधून मोजणी केली, त्याचा निकाल २०१९ साली आला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांच्या पुढे आलेख सपाट झाला, जादा पावलांनी जादा फायदा दिसला नाही.

हा अभ्यास मला आवडतो, पण तो गोळ्यांच्या चाचण्यांइतका भक्कम नाही, आणि त्याचं कारण दादांनी समजून घ्यावं असं मला फार वाटतं. गोळ्यांच्या चाचणीत कोणाला किती डोस द्यायचा ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. पावलं मात्र ज्याची त्याने ठरवलेली असतात. जी बाई मुळात धडधाकट आहे ती जास्त चालते, आणि जास्त जगते ती चालल्यामुळे की धडधाकट असल्यामुळे, हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. हा घोळ किती मोठा असू शकतो ते अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांच्या एका चाचणीत दिसलं. १९८० साली तिचे आकडे छापले गेले. नेमून दिलेल्या गोळ्यांपैकी ८० टक्के किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५ टक्के होते आणि गोळ्या चुकवणाऱ्यांत २८ टक्के. औषध भलतंच गुणकारी वाटतं ना? पण हे आकडे नकली गोळी दिलेल्या गटाचे होते. त्या गोळीत औषधच नव्हतं. नियमाने गोळी घेणारी माणसं इतर अनेक बाबतींतही वेगळी होती, आणि फरक त्यातून आलेला होता. अमुक जास्त घेणारे जास्त जगतात, असा निरोप मोबाईलवर आला की आधी विचारायचं: डोस चिठ्ठीने ठरवला होता, की लोकांनी आपापला घेतला होता?

आईंना साडेचार-पाच हजार पावलं, तीही दोन-तीन वेळात विभागून आणि गुडघा न दुखवता जमत असतील, तर मी त्यात समाधान मानेन. घड्याळातला आकडा दादांना बदलून द्यायला सांगा.

तुमच्या ताज्या कलमाचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. बीपीच्या गोळ्यांचा आलेख लवकर सपाट होतो यावरून सगळी औषधं निम्म्यावर आणावीत, असं ठरत नाही. पाकिटावर छापलेला डोस कधी गरजेपेक्षा जास्त असतो, कधी कमीही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. निव्होलुमॅब हे महागडं औषध साधारणपणे दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात, तिथे तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना ही जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. पूर्ण डोसाशी थेट तुलना त्यात नव्हती, पण ज्यांना पूर्ण डोस परवडणारच नव्हता त्यांच्यासाठी हा निकाल मोठा आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी तो काढला याचा मला अभिमान वाटतो. उलट टीबीच्या रिफाम्पिसिनचा किलोमागे १० मिलिग्रॅम हा डोस ठरला तेव्हा औषधाची किंमत आणि दुष्परिणामांची भीती हीदेखील कारणं होती. तो कमी पडत असावा, या शंकेने संशोधक साडेतीन पटीपर्यंतचे डोस तपासून बघत आहेत. हे चाचणीतच करायचं काम आहे. घरी कोणी टीबीची किंवा अँटिबायोटिकची गोळी कमी केली, तर जंतू मरत नाहीत आणि उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात.

थायरॉईडची गोळी तर वेगळ्याच जातीची आहे. बीपीचं औषध बाहेरचं असतं. ही गोळी शरीरात कमी पडणारं संप्रेरक जेवढ्यास तेवढं भरून देते. त्यामुळे सपाट भागाचा इथे उपयोग नाही, तुमचा नेमका आकडा गाठावा लागतो. रक्तातल्या संप्रेरकात थोडाजरी फरक पडला तरी टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं संप्रेरक) कित्येक पटींनी हलतो. म्हणून डॉक्टर हा डोस १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमच्या पायरीने बदलतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. ७५ ची एकदम निम्मी केलीत तर थकवा, वजन आणि मलावरोध घेऊन काही आठवड्यांनी पुन्हा दवाखान्यात जावं लागेल. गोळी आहे तेवढीच चालू ठेवा. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा अर्धा-पाऊण तास चहा नको. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांनी घ्या. शेवटचा टीएसएच सहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर आईंचं रक्त द्यायला जाल तेव्हा स्वतःचंही देऊन या.